वेळेवरचं 'भले'

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसाविषयी लिहावं एवढं माझं वय नाही आणि वाचनही नाही. आमच्या घरात कॉलेजचं पहिलं पुस्तक आलं ते माझ्या पिशवीतून, आणि ते कुठं ठेवायचं यावर आई-वडिलांची बराच वेळ चर्चा झाली होती. शेवटी ते ज्वारीच्या कणगीवर ठेवलं, कारण तिथं उंदीर चढत नाहीत असा वडिलांचा समज होता. तो समज चुकीचा निघाला. अशा घरातल्या मुलानं थोरामोठ्यांसारखं लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना वाचता येत नाही, म्हणजे चूक काढायलाही ते येणार नाहीत. पण आत्या हे कुणाकडून तरी वाचून घेणार हे नक्की, म्हणून होईल तेवढं खरं लिहितो.

तर, अख्ख्या भूम तालुक्यात आमच्या मामांइतका वेळेचा पक्का माणूस नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. मामांकडं घड्याळ नाही. लग्नाला ते पंगती उठून मांडववाले दोऱ्या सोडायला लागल्यावर पोचतात, बाराव्याला तेराव्या दिवशी जातात, आणि बँकेत गेले तर नेमके जेवणाच्या सुट्टीत जातात. तरीही माझं म्हणणं मी मागं घेत नाही. कारण मामांची वेळ ही घड्याळातली वेळ नाही. ती पापणी लवायच्या आत येते आणि पापणी उघडायच्या आत जाते, आणि तिला पकडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. आमच्या वडिलांनी मेंढरं केव्हाच विकली आणि ते शेतीला लागले, पण मामांनी ठेवली. पावसाळ्यात ते गावाकडं असतात, आणि दिवाळी सरली की कळप, घोडं, घोंगडी आणि कुत्री घेऊन खाली लोहाऱ्याकडं, तिथून पुढं कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत उतरतात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. उंच, वाळका माणूस, डोक्याला लाल पटका, आणि आवाज असा की समोरच्या टेकडीवरचा माणूस मागं वळून बघतो. स्वभावानं हट्टी. नम्रपणा अंगाला लागलेला नाही. "माझ्यासारखं कुत्रं शिकवणारा एक तर मेला असंल न्हायतर जन्मायचा असंल," असं ते स्वतःच सांगतात, कुणी विचारलेलं नसतानाही.

कुत्रं शिकवण्याचं त्यांचं सगळं शास्त्र एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'भले'. हा शब्द ते ज्या क्षणी म्हणायचा त्याच क्षणी म्हणतात. त्याच्या आधी नाही आणि नंतर तर मुळीच नाही. एकदा चिमणी नावाच्या त्यांच्या पिल्लाला शिकवताना मी शेजारी बसलो होतो. चिमणीच्या गळ्यात लांब सुतळी होती. समोर एक कोकरू बागडत होतं आणि चिमणीचा जीव त्याच्यामागं धावायला आसुसला होता. सुतळी ताणली गेली. मामा काही बोलले नाहीत. चिमणी कुंईकुंई करायला लागली, तरी मामा गप्प. मग कशानं कोण जाणे, तिनं क्षणभर कोकरावरची नजर काढून मामांकडं टाकली, आणि तेवढ्यात "भले!" असा आवाज आला आणि भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात पडलेला होता. तिचं डोकंसुद्धा अजून पुरतं वळलं नव्हतं. "नजर वळली की म्हणायचं," मामा मला म्हणाले, "पाय वळल्यावर न्हाय. पाय वळंस्तोवर तिच्या मनात दुसरंच काहीतरी आलेलं असतंय. मंग तू त्या दुसऱ्याला भले म्हणतोस."

"इतक्या लवकर कळतं तिला?" मी विचारलं.

"तिला लगीच कळतंय. येळ लागतोय तो मानसाला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते कुणाविषयी बोलत होते हे मी विचारलं नाही.

या शास्त्रापायी मामांच्या डाव्या मुठीत, नाहीतर सदऱ्याच्या खिशात, नाहीतर पटक्याच्या घडीत, सदासर्वकाळ भाकरीचे तुकडे असतात. त्यामुळं मामा जिथं बसतील तिथं थोड्या वेळानं मुंग्यांची रांग लागते. पाहुण्यांकडं गेले की बायका त्यांच्यासाठी सतरंजी न टाकता त्यांना अंगणातल्या दगडावरच बसवतात, आणि मामांना तो मान वाटतो. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी वाडीवर आला. सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडत तो मामांपाशी पोचला आणि वाकला. तो वाकला मात्र, मामांच्या तोंडून सवयीनं "भले!" निघालं आणि हातातला तुकडा पुढाऱ्याच्या तळहातावर गेला. पुढाऱ्यानं एकदा तुकड्याकडं, एकदा लोकांकडं बघितलं, आणि प्रसाद असावा असं समजून तो डोळे मिटून खाल्ला. लोक आठवडाभर हसत होते. मामा मात्र गंभीर होते. म्हणाले, "वाकायची सवय लागली असती रे त्याला. पर एकदा करून भागत न्हाय. त्यानं पुन्यांदा यायला पायजे हुतं." तो पुन्हा आला नाही.

मामांची चूक होतच नाही असं नाही. एक चूक झाली, आणि ती अजून चार पायांवर फिरते आहे. तिचं नाव मुकादम. कळपातल्या मेंढरांवर ओरडत फिरायचा म्हणून त्याला हे नाव पडलं. मुकादम लहान असताना वाट चुकलेली मेंढी वळवून आणायला मामा त्याला शिकवत होते. त्यानं पहिल्यांदाच एक मेंढी झकास वळवून आणली. पण नेमकी तेव्हा मामांच्या तोंडात तंबाखू होती. ती थुंकून 'भले' म्हणेपर्यंत मुकादमाचं काम संपलं होतं आणि तो खाली बसून मागच्या पायानं कान खाजवत होता. शाबासकी कानाला मिळाली. तेव्हापासून आजपर्यंत मामांनी मेंढी दाखवली की मुकादम आधी बसतो, शांतपणे कान खाजवतो, मामांकडं बघतो, आणि मग कामाला निघतो. तोवर मेंढी दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरलेली असते. मामांनी त्याच दिवशी तंबाखूची डबी विहिरीत टाकली. आत्यानं शपथा घातल्या होत्या, शेजारच्या वाशी गावच्या डॉक्टरांनी तोंडाच्या रोगाची चित्रं दाखवली होती, त्यानं काही झालं नव्हतं. कुत्र्यानं एक कान खाजवला आणि मामांची तंबाखू सुटली. "तोंड मोकळं पायजे," एवढंच ते सांगतात.

जसं भल्याचं, तसं रागाचं. मामा कुणावरही उशिरा रागावत नाहीत. एकदा आत्यानं पंचमीच्या पुरणपोळ्यांसाठी साठवलेलं तूप मुकादमानं गाडग्यासकट उलथवून चाटून टाकलं. मामा दिवसभर रानात होते. ते आल्यावर आत्यानं गाडग्याची खापरं त्यांच्यापुढं आपटली.

"हाना त्याला!"

"कवा खाल्लं?"

"सकाळी."

"मंग येळ गेली," मामा म्हणाले आणि पटका सोडून निवांत बसले. "आता हानलं तर त्याला वाटंल, धनी घरी आला म्हनून मार बसला. उद्या मी आलो की पळून जाईल."

"त्याची येळ गेली असंल. माझी न्हाय गेली," असं म्हणून आत्यानं हातातलं उलथनं फेकलं. ते मामांच्या खांद्याला लागलं. मामा खांदा चोळत, अगदी मनापासून म्हणाले, "भले! राग यावा तर असा. ताजा."

मामांचा हा नियम हळूहळू कुत्र्यांपुरता राहिला नाही. आमच्या फाट्याच्या अलीकडं एक वळण आहे, तिथं मामांची मेंढरं रोज रस्ता ओलांडतात. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत मेंढरांत घुसतात. एका एसटीच्या ड्रायव्हरनं मात्र एकदा गाडीचा वेग कमी केला, आणि ब्रेकचा पहिला आवाज निघाला त्याच क्षणी मामांनी काठी वर करून आरोळी दिली, "भले, डायवर!" दुसऱ्या दिवशी तो आणखी अलीकडं थांबला. पुन्हा भले. असं काही दिवस चाललं. मग मामा खाली निघून गेले, वळणावर एक मेंढरू राहिलं नाही, तरी ती एसटी तिथं हळू व्हायची. मी त्या गाडीनं कॉलेजला जाताना स्वतः ऐकलंय. कंडक्टर म्हणाला, "हितं कोन उतरनार हाय?" ड्रायव्हर म्हणाला, "कुनी न्हाय. असंच." आणि त्यानं खिडकीतून डोकं काढून रिकाम्या माळाकडं बघितलं. तो काय शोधत होता ते त्या गाडीत फक्त मला माहीत होतं.

आत्याचंही तेच. ती चुलीपुढं बसलेली असते आणि मामा बाहेर दोर वळत. तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर जाते, टम्म फुगते, आणि बाहेरून, न बघता, आवाज येतो, "भले!" भाकरी फुगल्याचं त्यांना बाहेर कसं कळतं हे कोडं आजवर सुटलेलं नाही. आत्या आतून म्हणते, "मी काय कुत्री हाय का ओ तुमची?" पण हे म्हणताना तिचं तोंड चुलीकडं असतं, त्यामुळं ती हसते की नाही हे दिसत नाही. गुडघे गेल्यापासून तिला कळपाबरोबर जाता येत नाही. दिवाळीनंतर ती गावात एकटीच राहते. मी एकदा हिवाळ्यात तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं भाकरी वाढली आणि आपणहूनच म्हणाली, "हे नसले की भाकरी फुगत न्हाय बघ. पीठ तेच, चूल तीच."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्याला अर्थ नाही. कुत्र्यांना, एसटीच्या ड्रायव्हरला, आत्याला, एका पुढाऱ्याला आणि पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या प्रत्येक कोकराला मामांनी 'भले' म्हटलं. मला कधीच म्हटलं नाही. त्यात त्यांचा कंजूषपणा नव्हता. माझ्या बाबतीत ती वेळच कधी जमून आली नाही. आणि मला त्या शब्दाची किती ओढ होती हे लिहायला आजही संकोच वाटतो. घरी आई-वडील कौतुक करायचे, पण ते मी काहीही केलं तरी करायचे. त्यांना माझी पुस्तकं वाचता येत नव्हती, म्हणून ते सगळ्याचंच कौतुक करून मोकळे व्हायचे. मामांनाही वाचता येत नाही. पण मामा उगाच म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनी म्हटलं की ते खरं.

दहावीत मी चांगल्या मार्कांनी पास झालो तेव्हा मामा खाली हद्दीकडं होते. ते परत आल्याचं कळलं तसा मी धावत आत्याच्या घरी गेलो. तिनं माझ्याच हातात चहाचा पेला देऊन मला बाहेर पाठवलं. मी मामांच्या हातात पेला दिला आणि म्हणालो, "मामा, दहावी पास झालो. शाळेत पयला."

मामांचे डोळे चमकले. तोंड उघडलं. मी श्वास रोखून उभा राहिलो. मग त्यांनी हातातल्या पेल्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

"येळ गेली रे," ते अतिशय दुःखानं म्हणाले. "आता म्हनलं तर तुला वाटंल, च्या आनून दिला म्हनून म्हनलं. जलमभर च्याच देत बसशील लोकांला."

बारावीला मी हा धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. मामांची मेंढरं तेव्हा परतीच्या वाटेवर, वाशीजवळ एका रानात बसली होती. भूमला मोबाईलवर निकाल बघितला आणि तसाच जीपमध्ये बसलो. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर निघेना. मध्येच एक नवरा-बायको शेळीसह चढले आणि शेळी माझ्या मांडीवर आली. फाट्यावर उतरून उन्हात रान तुडवत, घामाघूम होऊन मी पोचलो. दुरूनच मामा उभे दिसले. मी ओरडत धावलो, "मामा! मामा, बारावी..." आणि मामांनी हात वर करून खणखणीत आवाजात म्हटलं, "भले!"

मी तिथंच थांबलो. मग बघतो तर भाकरीचा तुकडा माझ्या बाजूनं उडत गेला आणि चिमणीनं तो वरच्यावर झेलला. मी आरडाओरडा करत धावत आलो तरी ती भुंकली नव्हती. तिनं मला ओळखलं होतं. शाबासकी तिची होती.

"काय म्हनत हुतास?" मामांनी विचारलं.

"बारावी पास झालो."

"कवा लागला निकाल?"

"सकाळी."

मामांनी कलत्या उन्हाकडं बघितलं, माझ्या घामाकडं बघितलं आणि मान हलवली. आपल्या घोंगड्यावर बसवून त्यांनी मला मेंढीचं दूध पाजलं, माझे तापलेले पाय स्वतःच्या हातानं पाण्यानं धुतले, रात्री मला सोडायला तयारच नव्हते. सगळं केलं. फक्त तो शब्द म्हणाले नाहीत.

पुढं मी धाराशिवला कॉलेजला आलो आणि वसतिगृहात राहायला लागलो. पहिल्या वर्षी पंचमीला गावी गेलो तेव्हा धीर करून मामांना विचारूनच टाकलं. म्हणालो, "मामा, पदवीचा निकाल लागंल तेव्हा तुम्ही माझ्याजवळ असा. निकाल दिसला की तिथल्या तिथं म्हणा."

मामा दोर वळत होते. हात न थांबवता म्हणाले, "मी इचार केलाय त्याचा. निकाल लागतो तवा तू काय करत असतोस?"

"मोबाईल बघत असतो."

"मंग? मोबाईल बघितल्याची शाबासकी देऊ व्हय तुला? मेंढी वळीवली कवा आन् भले कवा! तू काम करतोस ते निकालाच्या दिवशी करत न्हायस. काम करतोस पुस्तकात तोंड घालून. त्या टायमाला मी पायजे तिथं."

"मग या की एकदा वसतिगृहावर."

"मेंढरं कोन राखंल? मुकादम?" असं ते म्हणाले. शेजारी बसलेल्या मुकादमानं नाव ऐकून कान खाजवला, आणि आम्ही दोघंही हसलो. विषय तिथंच संपला. मला वाटलं, संपला.

शहरात नव्या माणसाला काय काय आठवतं हे सांगता येत नाही. मला घरच्यापेक्षा मामांचा तो आवाज जास्त आठवायचा. वर्गात मी एखादं उत्तर बरोबर द्यायचो, सर मान हलवून पुढच्याकडं वळायचे, आणि मी उगाच क्षणभर थांबायचो. त्या वळणावरच्या ड्रायव्हरसारखा. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, परीक्षेच्या तोंडावर, एका संध्याकाळी मी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ बसलो होतो. अर्थशास्त्राचं पुस्तक होतं आणि एक पान काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. बाकीची मुलं चहाला गेली होती. मीही उठणारच होतो, पण म्हटलं, एकदा पुन्हा वाचू. पुन्हा वरपासून सुरुवात केली, आणि त्याच क्षणी मागं कुठंतरी, अगदी हळू, 'भले' असं ऐकू आलं. मी मान वर केली. अभ्यासिकेत कुणी नव्हतं. मला स्वतःचंच हसू आलं. घरच्या आठवणीनं आता कानही वाजायला लागले, असं वाटलं. मान परत पुस्तकात घातली. पण खरं सांगतो, त्या दिवशी ते पान कळलं. पुढचंही कळलं. चहाला मी गेलोच नाही. शिपाई अभ्यासिका बंद करायला येईपर्यंत वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर आलो तर खिडकीच्या कठड्यावर मुंग्यांची रांग लागली होती. मी वही झटकली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

यंदा मी पदवीधर झालो. निकाल दिसला तेव्हा मी मोबाईलच बघत होतो. आई-वडिलांना सांगितलं, आई रडली. मग आत्याला फोन केला. मामा अजून लोहाऱ्याच्या पलीकडंच होते. त्यांच्याकडं फोन नाही. बरोबरच्या एकाकडं आहे, पण तिकडं रानात रेंज येत नाही. आत्यानं माझ्यावरून फोनमधूनच कडाकडा बोटं मोडली. तिचा आनंद ऐकून इतकी वर्षं न बोललेलं तोंडून निघून गेलं. म्हणालो, "आत्या, सगळं झालं, पण मामांनी मला एकदाबी भले म्हटलं न्हाय बघ."

आत्या म्हणाली, "म्हनले की रे. कवाच म्हनले."

"कधी?"

"त्यांनी मला सांगू नगं म्हनलं हुतं. मागनं सांगितलं की शाबासकी शिळी होतीय म्हनून. पर आता तू इचारलंस." आणि तिनं सांगितलं. मी दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर कळप खाली चालला होता. मेंढरं धाराशिवच्या बाहेर एका रानात बसवली होती. मुकादमाच्या डोळ्याचं औषध आणायचं निमित्त करून मामांनी कळप बरोबर आलेल्या आपल्या भावावर सोपवला आणि विचारत विचारत ते वसतिगृहावर पोचले. शिपायानं त्यांना बाहेरूनच अभ्यासिकेची खिडकी दाखवली. मामा तिथं बाजूला भिंतीला टेकून उभे राहिले. किती वेळ, ते आत्यालाही माहीत नाही. मी पुस्तकावरून नजर काढत होतो, बाहेर जाणाऱ्या मुलांकडं बघत होतो, परत पुस्तकाकडं बघत होतो. मामा थांबून राहिले.

"मंग म्हनले, पोरगं उठाय लागलं हुतं आन् परत बसलं. नजर पुस्तकाकडं वळली, तवा म्हनलो. मान वर केली त्यानं, पर मी भिताडाआड झालो. परत मान खाली घातली. लई खूश हुते रे. त्याला ऐकू गेलं, म्हनले, वाया न्हाय गेलं."

"अगं, मग मला हाक का नाही मारली? भेटले असते."

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनतेत, हाक मारली असती तर पुस्तक टाकून पळत आलं असतं. मंग ती शाबासकी पुस्तक टाकल्याची झाली असती." "तसंच चालत गेले परत. वाटंनं एकटेच बोलत हुते म्हनं."

मी फोन कानाला लावून उभा होतो. रस्त्यावरून एक एसटी गेली.

"आन् व्हय रे," आत्या म्हणाली, "खिडकीत तुकडा ठिवून आलो म्हनले हुते. भाकरीचा. मला सारखं इचारत्यात, त्यानं घेतला असंल का गं. तिकडं रेंज आली की पयलं हेच इचारतील. घेतलास का तू?"

"व्हय आत्या," मी म्हणालो. "खाल्ला म्हणून सांग."